साक्षीला ठेवलेले पान : ब्लॅटर हर्बेरियमचा इतिहास

मुंबई हे काष्ठौषधींचे जुने बंदर. सह्याद्रीतला हिरडा आणि बेहडा घाट उतरून येथे येई. अरबस्तानच्या बाजूने बोळ येई, इराणातून हिंग येई आणि गलबतांतून उतरलेला हा माल गोण्यांतून देशभर जाई. वैद्याच्या आणि हकिमाच्या हाती पडे ती साल, मूळ, डिंक किंवा बी. ज्या झाडाची ती साल, ते झाड वैद्याने पाहिलेले असेच असे नाही. व्यापाऱ्यानेही पाहिलेले नसे. गोणीवर नाव होते, नावावर विश्वास होता आणि त्या विश्वासावर औषध दिले जात होते.

या बाजाराचा शास्त्रीय धांडोळा घेणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक आपले डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. १८७९ साली त्यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांतले एक तेच. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. त्याच सुमारास सरकारी औषध भांडाराचे प्रमुख विल्यम डिमॉक पश्चिम भारतातल्या वनस्पतिज औषधांवर ग्रंथ लिहीत होते. म्हणजे एकोणिसावे शतक संपता संपता मुंबईला याद्या मिळाल्या होत्या. पण यादीतल्या नावाशेजारी ते झाड ठेवून दाखवणारा संग्रह ही निराळी गोष्ट. पुस्तकातले वर्णन दहा जण दहा प्रकारे वाचतात. वाळवलेल्या फांदीवरची फुले मात्र कुणीही, कधीही, भिंगाखाली पुन्हा मोजू शकतो.

सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमचा इतिहास लिहायला बसल्यावर म्हणूनच मला सुरुवात फादर ब्लॅटर यांच्यापासून न करता या गोण्यांपासून करावीशी वाटली. हा संग्रह वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी उभा राहिला, हे खरे. पण औषधी वनस्पतींच्या कामात त्याने जी साक्षीदाराची भूमिका बजावली, ती या स्मरणिकेत नीट नोंदली जायला हवी असे मला मनापासून वाटते.

झेवियर्स कॉलेज १८६९ साली सुरू झाले. मुंबईचे मिशन तेव्हा जर्मन जेझुइटांकडे होते आणि त्यांच्याबरोबर युरोपातल्या विद्यापीठांची संग्रह करण्याची शिस्तही इथे आली. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडच्या आपेनझेल परगण्यातले. जन्म १८७७ चा. १९०३ साली ते मुंबईत आले आणि १९०६ साली त्यांनी कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. या वर्षाला महत्त्व आहे. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाचे भाग १९०१ ते १९०८ या काळात एकामागून एक निघत होते. कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते, पण हा कोश त्यांनी निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून सिद्ध केला. पुस्तक टपालाने मुंबईला येत होते, पण त्याला आधार देणारे पुष्कळसे नमुने समुद्रापलीकडे होते. मुंबईच्या विद्यार्थ्याने माथेरानहून एखादे झुडूप आणले, तर त्याने ते कशाशी ताडून पाहायचे? ब्लॅटर यांनी त्या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. जे रान इथले, त्याचे नमुने इथेच, आणि विद्यार्थ्याच्या हाताला लागतील असे.

मधली काही वर्षे ते शिक्षणासाठी युरोपात होते. तिथल्या संग्रहांतही त्यांनी काम केले. १९१५ साली ते परतले तेव्हा महायुद्ध सुरू होते. जर्मन जेझुइटांना लवकरच मुंबई सोडावी लागली. ब्लॅटर स्विस असल्यामुळे राहू शकले. कॉलेज रिकामे होत असताना हा माणूस मात्र थरच्या वाळवंटात हिंडत होता. सहकारी हॉलबर्ग यांच्यासह त्यांनी जोधपूर आणि जैसलमेरच्या वनस्पतींचा अभ्यास करून भारतीय वाळवंटाचा वनस्पतिकोश लिहिला. त्याच वाळवंटातल्या वनस्पतींच्या अंतर्रचनेवर त्यांचे विद्यार्थी टी. एस. सबनीस यांनी लिहिले. आपल्याकडे गुरूचे नाव राहते आणि शिष्याचे तळटीपेत जाते, म्हणून सबनीसांचे नाव इथे मुद्दाम घेतो.

१९१९ ते १९२४ ब्लॅटर कॉलेजचे प्राचार्य होते. ब्रह्मदेशातून परतलेल्या तरुण सालीम अलींना प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह करणारे हेच ब्लॅटर. प्राचार्यपदानंतर त्यांनी आपला मुक्काम पाचगणीला हलवला, पण काम चालूच राहिले. चार्ल्स मॅकॅन यांच्याबरोबर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नवी उजळणी, मुंबईकडची गवते, द'आल्मेडा यांच्याबरोबर नेचे, स्वतंत्रपणे भारत आणि सिलोनमधले ताडमाड, काश्मीरची फुले, एडनच्या आणि अरबस्तानच्या वनस्पती. ग्रंथांची नुसती यादी वाचूनच धाप लागते. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने योहानेस ब्रूल स्मृतिपदक सुरू केले, तेव्हा पहिले पदक ब्लॅटर यांना दिले. २६ मे १९३४ रोजी ते मुंबईत वारले. पुढे संग्रहाला त्यांचे नाव मिळाले. जगभरच्या हर्बेरियमांच्या सूचीत त्याचे संक्षिप्त चिन्ह ‘बी-एल-ए-टी’ असे आहे आणि आज तिथल्या नमुन्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास सांगितली जाते.

आता औषधींकडे वळतो, कारण या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तिथे आहे.

लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक असते ते वेगळ्या कारणाने. टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’वरून त्यांनी ‘इंदिरा’ हे काव्य रचले. १९०९ साली बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण व्यवसायाने ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. अफगाण युद्धात त्यांनी सेवा केली, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवले, ठाण्याला सिव्हिल सर्जन म्हणून काम केले आणि नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘मुंबईच्या विषारी वनस्पती’ ही लेखमाला लिहिली. संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलणारा माणूस आणि धोतऱ्याच्या, कण्हेरीच्या वर्गातल्या झाडांची काटेकोर वर्णने करणारा माणूस एकच होता, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा. तो फारसा वाटत नाही, कारण त्यांची ही दुसरी बाजू आपण शिकवतच नाही.

कीर्तिकरांच्या आयुष्याचे मोठे काम म्हणजे ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’. सहलेखक मेजर वामनदास बसू हेही त्याच सेवेतले डॉक्टर. निवृत्तीनंतर ते अलाहाबादला स्थायिक झाले होते. ग्रंथ १९१८ साली अलाहाबादहून प्रसिद्ध झाला, हजाराहून अधिक चित्रफलकांसह. तो हातात घ्यायला कीर्तिकर राहिले नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते.

ग्रंथ गाजला, प्रती संपल्या आणि दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली. ती जबाबदारी तिघांनी घेतली. फादर ब्लॅटर, फादर जीन फर्डिनांड काइअस आणि डॉ. के. एस. म्हसकर. नावाला ही दुसरी आवृत्ती होती. प्रत्यक्षात तिघांनी ग्रंथाचा बराचसा भाग नव्याने लिहून काढला. झाडाची ओळख, नावांची शुद्धी आणि वर्णन हा ब्लॅटर यांचा प्रांत. काइअस आणि म्हसकर हे परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये औषधींच्या गुणांची परीक्षा करणारे. एक स्विस, एक फ्रेंच आणि एक मराठी माणूस मिळून एका मुंबईकर आणि एका बंगाली लेखकाच्या ग्रंथाची डागडुजी करत होते. आज भारतातल्या कुठल्याही आयुर्वेद महाविद्यालयात ‘कीर्तिकर-बसू’ म्हटले की जे चार खंड आणि त्यांचे चित्रसंच डोळ्यांसमोर येतात, ते या आवृत्तीचे आहेत. ब्लॅटर यांच्या आयुष्यातल्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी हे एक. मुंबईत इतकी वर्षे जमवलेल्या नमुन्यांची सवय त्यांच्या हाताला नसती, तर देशभरातल्या औषधी झाडांची नावे अशी चाळून काढणे त्यांना जमले नसते असे मला वाटते.

काइअस आणि म्हसकर यांच्या एका कामाची हकिगत इथे सांगायलाच हवी. सर्पदंशावर रामबाण म्हणून गावोगावी सांगितल्या जाणाऱ्या वनस्पतींची दोघांनी प्रयोगशाळेत कसून परीक्षा घेतली. तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्या, शिवाय त्यांची मिश्रणे. १९३१ साली निष्कर्ष छापून आला : यांपैकी एकाही वनस्पतीचा सापाच्या विषावर उपाय म्हणून उपयोग होत नाही. मांत्रिकांचे, वैदूंचे, काही पोथ्यांचे दावे एका फटक्यात निकालात निघाले. पण हा निष्कर्ष मान्य व्हायचा तर आधी एका प्रश्नाचे उत्तर पक्के हवे : तपासली ती वनस्पती नक्की तीच होती का? वैदू म्हणेल, माझे मूळ वेगळे. पोथी म्हणेल, माझी वेल वेगळी. नकाराचा निकाल द्यायलाही झाडाची ओळख बिनचूक लागते, आणि ती ओळख वाळलेल्या नमुन्यावरच पटवावी लागते. काइअस यांनी पुढे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या औषधी आणि विषारी वनस्पतींवर कुळावार दीर्घ लेखमाला लिहिली. १९४४ साली ते वारले. झेवियर्समधल्या संशोधन प्रयोगशाळेला त्यांचे नाव आहे.

१९२१ साली मुंबईचे मिशन स्पेनमधल्या जेझुइटांकडे सोपवले गेले होते. त्याच वाटेने तारागोना प्रांतातल्या ला गालेरा गावचा एक तरुण १९२८ साली भारतात आला. हर्मेनेगिल्ड सांतापाऊ. लंडनला डॉक्टरेट करून १९४० साली ते झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ब्लॅटर यांनी वाळवंटापासून काश्मीरपर्यंत जाळे टाकले होते. सांतापाऊंनी खंडाळा हा एवढासा टापू घेतला आणि तो पिंजून काढला. उन्हाळ्यात, भर पावसात, दिवाळीत, धुक्यात ते त्याच वाटांवर पुन्हा पुन्हा जात. कारण एखादे झाड मेमध्ये फुलते, त्याला फळ ऑगस्टात धरते आणि पाने जानेवारीत गळतात. एका फेरीत त्याचे चरित्र कळत नाही. १९५३ साली त्यांचा ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. लोणावळा-खंडाळ्याला भजी खाऊन परतणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की त्या डोंगराच्या एकेका झुडपाची इतकी बारकाईने मोजदाद झालेली आहे.

खंडाळ्याचा वनस्पतिशास्त्राशी संबंध त्याहून जुना. मुंबई टपाल खात्यातले जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची सूची रचायला घेतली होती. १८३९ साली ती छापून होत असतानाच त्यांना खंडाळ्याला मृत्यू आला. उरलेले काम त्यांचे मित्र जोसेफ निम्मो यांनी पुरे केले. या सूचीतल्या एका झाडाकडे मी पुढे येणार आहे.

सांतापाऊंनी कारवीवर टिपणे लिहिली. सात वर्षे नुसती वाढत राहणारी, आठव्या वर्षी सगळा डोंगर जांभळा करून टाकणारी आणि मग मरून जाणारी कारवी. मावळातल्या घरांच्या कुडाच्या भिंती हिच्याच काठ्यांच्या. एका माणसाच्या कामाच्या आयुष्यात तिचे तीनचारच बहर बसतात, त्यामुळे ज्याला तिचा अभ्यास करायचा त्याला आपल्या मागच्यांच्या नोंदींवर विसंबावे लागते आणि आपल्या नोंदी पुढच्यांसाठी ठेवाव्या लागतात. तारीख घातलेला नमुना अशा वेळी किती कामाला येतो, हे वेगळे सांगायला नको.

१९५४ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पुनर्रचना झाली आणि सांतापाऊ तिथे गेले. १९६१ ते १९६७ ते सर्वेक्षणाचे संचालक होते. पुरंदर, सौराष्ट्र, मुंबईची ऑर्किडे, रुईच्या कुळातल्या वनस्पती या सगळ्यांवर त्यांनी लिहिले, काही वेळा विद्यार्थ्यांबरोबर. भारत सरकारने १९६७ साली त्यांना पद्मश्री दिली. जानेवारी १९७० मध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला. नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी सामान्य वाचकाकरता लिहिलेले झाडांवरचे छोटे पुस्तक आजही अनेकांच्या कपाटात आहे.

आता प्रत्यक्ष शीट, म्हणजे वाळवलेला नमुना चिकटवलेला कागद, कशी तयार होते ते पाहू. कारण हर्बेरियम म्हणजे जुन्या पानांचे गठ्ठे अशी समजूत फार जणांची असते.

रानात फांदी निवडताना फूल किंवा फळ, शक्य तर दोन्ही, असलेली निवडायची. लहान रोप असेल तर मुळासकट. फांदी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरायची, एक पान मुद्दाम उलटे ठेवायचे, म्हणजे मागची बाजूही पुढे दिसेल. घड्या लाकडी जाळीच्या प्रेसमध्ये पट्ट्यांनी आवळायच्या. मग खरी कसोटी : कागद रोज बदलायचे. मुंबईच्या जुलैत दोन दिवस कागद बदलला नाही, तर पाने काळी पडतात आणि बुरशी धरते. मांसल पानांची झाडे तर प्रेसमध्येही जगत राहतात, त्यांना आधी उकळत्या पाण्यातून काढावे लागते. वाळलेला नमुना जुन्या काळी मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत, म्हणजे किड्यांना तो विषासारखा लागे. हाताळणाऱ्यालाही ते विषच होते. जुन्या शीटना हात लावताना म्हणून आजही काळजी घ्यावी लागते. मग जाड पांढऱ्या कागदावर तो चिकटवायचा, जाड देठाला दोऱ्याचे टाके घालायचे. गळून पडलेली फुले आणि बिया फेकायच्या नाहीत. त्यांच्यासाठी कोपऱ्यात कागदाचे छोटे पाकीट चिकटवायचे. उजव्या कोपऱ्यात लेबल : नाव, कुळ, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक, स्थानिक नाव आणि उपयोग कळला असेल तर तोही. फुलाचा रंग लिहायला विसरायचे नाही, कारण वाळल्यावर जांभळे आणि निळे दोन्ही तपकिरी होतात. शीटवर न मावणारी फळे, शेंगा, सालीचे आणि लाकडाचे तुकडे वेगळे ठेवायचे, पण त्याच क्रमांकाने.

शीटवर लेबलाशेजारी बरेचदा दुसऱ्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठी असते. कधी तिसरीही. नंतर येऊन कुणी तज्ज्ञाने तो नमुना तपासला, जुने नाव बदलून नवे लिहिले, खाली सही आणि साल घातले. जुनी चिठ्ठी काढायची नाही हा नियम. एका शीटवर अशी तीन पिढ्यांची मते एकाखाली एक राहतात. मला हर्बेरियमची ही रीत फार आवडते. मतभेद इथे खोडला जात नाही, त्याला फक्त तारीख लागते.

काही शीटचे मोल तर मोजता येत नाही. एखादी जात शास्त्रात पहिल्यांदा वर्णन करताना ज्या नमुन्यावरून केली, तो प्ररूप नमुना. पुढे कितीही वाद झाले तरी त्या नावाचा अर्थ त्या एका शीटपाशी येऊन थांबतो. मुंबईच्या कान्हेरीच्या कातळांवर उगवणारी डिपकॅडी सॅक्सोरम ही कंदवर्गातली छोटी वनस्पती ब्लॅटर यांनी शास्त्राला दिली. पाचगणीच्या नावाची हॅबेनारिया पाचगणीएन्सिस ही ऑर्किड सांतापाऊ आणि कापडिया यांनी. पठारावर रिसॉर्ट उभे राहते, कातळावर झोपड्या चढतात. त्या जागी ती जात खरोखर होती, याचा पुरावा मग शीटवरच उरतो.

औषधी वनस्पतींच्या बाबतीत ब्लॅटर हर्बेरियमचे रोजचे काम मात्र अगदी साधे आहे आणि त्याची फारशी कुणी वाच्यता करत नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या किंवा आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहायचा असतो. प्रबंधात वापरलेली वनस्पती अमुकच आहे, असा दाखला लागतो. मुंबई आणि आसपासच्या कित्येक शोधनिबंधांत एक ओळ हमखास आढळते : वनस्पतीची ओळख ब्लॅटर हर्बेरियम, सेंट झेवियर्स कॉलेज, मुंबई येथे पटवून घेतली. वाचणारा ती ओळ ओलांडून पुढे जातो. पण निबंधातला सगळा डोलारा त्या ओळीवर उभा असतो.

अडचण अशी की विद्यार्थी बरेचदा झाड घेऊन येत नाही, पिशवी घेऊन येतो. मस्जिद बंदरच्या औषधी बाजारातून आणलेली साल, काही वेळा चक्क भुकटी. अशोकाची साल घ्या. स्त्रीरोगांवरच्या औषधांत वापरतात तो सीतेचा अशोक. संयुक्त पाने, केशरी फुलांचे घोस आणि चपट्या शेंगा. सोसायटीच्या कुंपणाला लावतात तो उंच, लाटांसारख्या कडांच्या पानांचा आसोपालव. दोघांची कुळेही वेगळी, पण नाव एकच सांगितले जाते आणि बाजारात एकाची साल दुसऱ्याच्या नावावर खपते, कारण सीतेचा अशोक दुर्मीळ होत चालला आणि आसोपालव हवा तेवढा आहे. झाड समोर असेल तर वनस्पतिशास्त्राचे पहिल्या वर्षाचे पोर फरक सांगेल. वाळक्या सालीच्या पिशवीवरून सांगायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तुलनेसाठी खात्रीच्या झाडाची साल लागते. ब्राह्मीचे तसेच. आपल्याकडे गोल पानांची कारिवणा म्हणजे मंडूकपर्णी पुष्कळदा ब्राह्मी म्हणून विकली जाते. शास्त्रकारांना बहुधा अभिप्रेत होती ती पाणथळीतली, बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी. दोन्ही गुणी वनस्पती आहेत, पण एकीवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष दुसरीला चिकटवणे म्हणजे रोग्याशी खेळ.

मघाशी ज्या झाडाकडे येतो म्हटले, तो नरक्या. सह्याद्रीच्या सदाहरित रानातला, फुलला की दुर्गंधी येणारा, एरवी कुणाच्या लेखी नसलेला. ग्रॅहॅम यांच्या १८३९ च्या सूचीत तो आला तेव्हा त्याला दुसऱ्याच वंशात घातले होते आणि नाव दिले होते निम्मोंचे. पुढे तो दीर्घकाळ मॅपिया फीटिडा म्हणून ओळखला गेला. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडापासून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावर गुणकारी ठरू शकणारे द्रव्य वेगळे केले. १९७२ साली गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले, तेही भरपूर. या द्रव्यापासून पुढे तयार झालेली औषधे आज जगभर कर्करोगाच्या उपचारांत आहेत. आणि आपल्या रानात काय झाले? नरक्याला भाव आला, कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडची झाडे रातोरात तुटली, लाकडाचे तुकडे ट्रकांतून गेले.

आता त्याचे नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. १८३९ चे निम्मो पुन्हा नावात परतले. १९७२ चा निबंध मॅपिया म्हणतो, आजचा वनाधिकारी नोथापोडायटिस म्हणतो, ठेकेदार नरक्या म्हणतो. हे सगळे एकाच झाडाबद्दल बोलत आहेत हे सिद्ध करायला शीट लागते. शिवाय जुन्या शीटवर ठिकाण असते. नरक्या पूर्वी कुठे कुठे होता याचा नकाशा करायचा, त्याची पुन्हा लागवड करायची, चोरीचा माल पकडल्यावर तो कोणत्या झाडाचा ते ठरवायचे, तर सुरुवात तिथूनच करावी लागते. १९०६ साली संग्रह सुरू करणाऱ्या ब्लॅटर यांना कॅम्पटोथेसिन माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ‘या झाडाचा काही उपयोग नाही, ठेवू नका’ असे त्यांनी कधी म्हटले नाही, ही त्यांची मोठी दूरदृष्टी.

सांतापाऊंच्या नंतर संग्रह थांबला नाही. पी. व्ही. बोळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो सांभाळला आणि सौराष्ट्राच्या वनस्पतींवरचे काम पूर्णत्वाला नेले. मार्सेलिन आल्मेडा यांचा महाराष्ट्राचा वनस्पतिकोश १९९६ पासून खंडाखंडांनी निघाला आणि तो या हर्बेरियमनेच प्रसिद्ध केला. सावंतवाडीच्या वनस्पतींवरचा एस. एम. आल्मेडा यांचा ग्रंथ त्याआधीचा, १९९० चा. ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी इलाख्याची उजळणी केली, तिच्यापुढचे पाऊल म्हणून मी या कामाकडे पाहतो.

सांभाळणे हे काम दिसत नाही, पण तेच सर्वांत अवघड आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत कागद, डिंक आणि वाळकी पाने म्हणजे कसर, बुरशी आणि बारीक भुंगेरे यांना आमंत्रण. पावसाळ्यात कपाटे पाळीपाळीने तपासावी लागतात. मोडलेल्या देठाला पुन्हा टाका घालावा लागतो, सुटलेले पान पाकिटात घालावे लागते. नमुना योग्य कप्प्यात परत गेला नाही तर दोन लाखांत तो हरवल्यातच जमा. हे करणारे हात वर्गीकरणशास्त्र शिकलेले हवेत. आणि नेमके तेच शिकायला हल्ली मुले येत नाहीत, कारण जैवतंत्रज्ञानात नोकरी आहे आणि झाड ओळखण्यात नाही असे त्यांना घरीदारी सांगितले जाते. डीएनएच्या पट्टीवरून वनस्पती ओळखण्याचे तंत्र आले आहे, ते उत्तमच आहे. पण ती पट्टी ज्या खात्रीच्या नमुन्याशी जुळवायची तो नमुना कुणीतरी आधी ओळखून ठेवलेला असावा लागतो.

मला या संस्थेकडून आणखी एक अपेक्षा आहे. औषधी वनस्पतीच्या शीटबरोबर त्याच झाडाची साल, मूळ, फळ, डिंक असे बाजारात विकले जाणारे अंग त्याच क्रमांकाने बरणीत ठेवलेले, असे एक पद्धतशीर दालन मुंबईत असावे. दिल्लीत, पुण्यात अशा द्रव्यसंग्रहांचे काम झाले आहे. कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथाचे संस्करण जिथे हातात घेतले गेले, त्या शहराला हे अशक्य नाही. दहा हजार द्रव्यांनी सुरुवात करायची गरज नाही. मस्जिद बंदरला सर्वांत जास्त खपणाऱ्या आणि सर्वांत जास्त भेसळ होणाऱ्या शंभर औषधींनी करावी.

तोवर, संग्रहात ओळख पटवायला येणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे जरूर करावे : भुकटी आणू नये. माल ज्याच्याकडून घेतला त्याला विचारून, जमल्यास बरोबर जाऊन, प्रत्यक्ष झाडाची फांदी आणावी, फुलाफळांसकट. कुठे तोडली, कधी तोडली, झाड केवढे होते, फुलाचा रंग काय होता, गावात त्याला काय म्हणतात आणि कशाला वापरतात, हे तिथेच उभे राहून लिहून घ्यावे. घरी येऊन लिहू म्हटले की निम्मे विसरते. दोन नमुने करावेत. एक आपल्या कॉलेजात ठेवावा, दुसरा ब्लॅटर हर्बेरियममध्ये द्यावा आणि त्याचा क्रमांक प्रबंधात छापावा.

ज्यांच्या घरी वडिलांनी, आजोबांनी जमवलेल्या जुन्या शीट माळ्यावर पडून आहेत, त्यांनाही विनंती. रद्दीत घालण्याआधी लेबलांवर ठिकाण आणि तारीख आहे का ते पाहा. असेल तर शीट उघडून झटकू नका, वर्तमानपत्रासकट जशाच्या तशा बांधा आणि ब्लॅटर हर्बेरियममध्ये घेऊन या.